साहेबाच्या बंगल्याची सपरी

सालेकसा स्टेशनवर मी उतरले ती एका जुन्या बंगल्याला नंतर जोडलेले सगळे खोडायचे ठरवूनच. साल २००६, मे महिना. जंगलाकाठचा हा बंगला एका स्कॉटिश साहेबाने बांधलेला. गोंदियाच्या एका व्यापाऱ्याने तो हॉटेलासाठी घेतला होता आणि त्याला तो थेट साहेबाच्या वेळचा हवा होता. मूळ भाग काळ्या पेन्सिलीने, पाडायचा तो लाल पेन्सिलीने दाखवायचा, एवढेच आर्किटेक्ट म्हणून माझे काम.

बंगला पाहिला आणि हसू आले. धानाच्या बांध्यांमध्ये (शेतांमध्ये) दगडी बुरूज आणि दोन धुराडी! बुरुजावर नंतर कुणीतरी कवेलूंची (कौलांची) टोपी चढवलेली, पश्चिमेला लांबलचक सपरी (पडवी). तिच्यावर बसून बंगल्याची राखण करणारी साठीची भागरताबाई पावसाआधी कवेलू फेरत होती. फुटके काढून नवे रचत होती. सपरी तिच्या सासऱ्याने बांधलेली. मी नकाशात सपरीवर लाल रेघ मारली.

"लाल कायले करून राहिल्या?" तिने वरूनच विचारले. पाडायची आहे, मूळची नाही, असे मी सांगितले. ती पुढचे कवेलू रचू लागली.

दुपारी वरच्या मजल्यावर मापे घ्यायला गेले. पश्चिमेला भिंतभर खिडकी, सपरीची सावली तिथवर पोचत नाही. पाव तासात घेरी आली. कशीबशी खाली सपरीत येऊन बसले, तेव्हा भागरताबाईने भाताची पेज पुढे ठेवली.

"सायबाच्या मुलखात ऊन मांगून आनत असतील. खालीबी असीच भट्टी होती. दोन उन्हाळे काढले त्यानं, मंग सोताच माह्या सासऱ्याले बोलावलं. मंग हे मूळ नाई का?"

मला माझीच लाज वाटली. नकाशाच्या कोपऱ्यात बांधणाऱ्याच्या नावाची चौकट असते, तिच्यात लिहायला मी सासऱ्यांचे नाव विचारले. तिने मान फिरवली. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. मी चौकट दाखवली. तिथे एकट्या साहेबाचे नाव होते.

तिने पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "दशरू मिस्त्री. लिवा. मोठं लिवा."

लाल रेघ खोडून मी गोंदियाला व्यापाऱ्याकडे गेले. व्यापारी चिडला. "मॅडम, ये ओरिजिनल नहीं है." मी म्हटले, मेच्या एका दुपारी त्या वरच्या खोलीत बसा, मग सपरी पाडण्यावर माझी सही मागा.

घरी येताना गाडीत नकाशा उघडून बसले. एकाला उन्हाची हौस होती, दुसऱ्याला ऊन कळत होते. घर दोघांचे.

त्यालाही दोन वर्षे झाली. व्यापारी अजून त्या खोलीत बसलेला नाही, आणि यंदाही भागरताबाईने सपरीचे कवेलू फेरले.