लाल डबा, हिरवा डबा

माझी भावजय फिनी रोज संध्याकाळी ओट भिजवायच्या आधी डब्यातून मूठभर कोरडे ओट काढते आणि उभ्याउभ्याच तोंडात टाकते. घोड्यासारखी चावत बसते. मग खिडकीपाशी थोडा वेळ नुसती थांबते आणि त्यानंतरच भांड्यात दूध ओतते. यावरून मी तिला पुष्कळ छळलंय. "सासरी पोटभर मिळत नाही हे गावाला दाखवतेस का गं?" ती हसते आणि चावत राहते.

आमचं झेम्पांचं घर गावाच्या वर, चर्चची घंटा ऐकू येईल पण प्रवचन ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. माझे बाबा म्हणायचे, आजोबांनी जागा फार विचार करून निवडली. मी लग्न केलं नाही, याच घरात राहिले. भाऊ मेल्क याने पलीकडच्या खोऱ्यातून फिनीला करून आणलं. मुलगी म्हणजे नुसती गोगलगाय. विजेला घाबरायची, मारक्या गाईला घाबरायची, फादरना तर इतकी घाबरायची की कबुलीजबाबाला जाताना पापं आठवायचीच नाहीत. बाबांसमोर ती कधी खुर्चीवर बसली नाही. असल्या बाईने पुढे जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता.

ऑगस्टात कड्यावरचं गवत कापायचे दिवस येतात. जिथे गाय पोचत नाही तिथलं ते गवत, जो कापेल त्याचं. घरंच्या घरं अंधारात निघतात. तेव्हा चूल कोण पेटवणार? म्हणून आदल्या संध्याकाळी ओट थंड दुधात भिजवायचे, सालीबियांसकट सफरचंद किसून घालायचं, वर लिंबू पिळायचं, रानातल्या ब्लूबेरी चुरडायच्या आणि दुधाचा कॅन तळघरातल्या झऱ्याच्या कुंडीत ठेवून द्यायचा. पहाटे कॅन पाठीवर बांधला की न्याहारी झाली. वर गेल्यावर आधी एक पट्टा कापायचा. खालून सकाळची घंटा वाजली की छातीवर क्रूस काढायचा आणि मगच चमचा उचलायचा. घंटेच्या आधी कड्यावर कुणी घास घेत नाही. पाय घसरतो म्हणतात. लहान पोरंसुद्धा हे पाळतात.

बाबा आयुष्यभर गावाचे उंदीर पकडणारे. कुरणं पोखरणारे ते गुबगुबीत उंदीर. हात थकल्यावर सापळे सुटले आणि बाबा विषाचं खाद्य करायला लागले. आमचेच ओट, आमच्याच सफरचंदाच्या साली, थोडी साखर, आणि शेवटी औषधवाल्याकडची राखाडी पूड. "उंदराची आणि माणसाची चव एकच," ते डोळा मारून सांगायचे. "फरक फक्त शेवटच्या चिमटीचा." तळघरात दोन पत्र्याचे डबे असायचे. हिरवा आमचा, लाल उंदरांचा. पोरांना चालता यायच्या आधी हे शिकवलेलं.

एका वर्षी कड्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी गाय अडली होती. मेल्क आणि फिनी गोठ्यात. माझा गुडघा सुजून भोपळा झालेला, मी बाकावर पाय पसरून. बाबा म्हणाले, "ओट मी भिजवतो." मी म्हटलं दिवा घेऊन जा. त्यावर फिसकारले, "माझा जन्म गेला त्या तळघरात. मला दिवा दाखवतेस?" पोरांनी दिवसभर ब्लूबेरी वेचून आणल्या होत्या, त्या बाबांनी सगळ्या ओतल्या. कॅनमधलं दूध शाईसारखं जांभळं झालं. त्यात राखाडी काही असलं तर कुणाच्या बापाला दिसणार होतं?

सकाळी मेल्क पोरांना घेऊन वर गेला. आगाथ थोरली, क्लेमेन्स धाकटा. नवं वासरू उभं राहत नव्हतं म्हणून फिनी मागे राहिली. उजाडल्यावर ती बटाटे आणायला तळघरात उतरली. वर आली तेव्हा हातात बटाटे नव्हते.

"वन्सं," ती म्हणाली, "हिरव्या डब्याचं फडकं मी बांधलं होतं तसंच आहे. माझी गाठ आहे."

"मग?"

"लाल डबा उघडा आहे. माप त्यात पडलंय."

मला कळायला वेळ लागला. मग बोटांवर एकेक नाव मोजलं. मेल्क, आगाथ, क्लेमेन्स. सगळं घरच त्या कॅनभोवती बसलेलं. मी खिडकीतून समोरच्या सुळक्याकडे पाहिलं. टोकावर ऊन आलं होतं. ते अर्ध्यात उतरलं की घंटेवाला डोमिनी दोर ओढतो. कड्यावर पोचायला मात्र चांगल्या पायाच्या माणसालासुद्धा त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

"मी वर जाते," मी मूर्खासारखी उठले आणि गुडघा धरून खाली बसले.

फिनी वर बघत होती, मग खाली बघितलं, गावाकडे. तिचे ओठ पांढरे पडले होते. "वर नाही," ती म्हणाली, आणि एप्रनसकट, गोठ्यातल्या लाकडी बुटांसकट उताराला लागली. थोड्या अंतरावर तिने बूट भिरकावले आणि अनवाणी पळत सुटली.

मी काठी घेऊन तिच्यामागे. तो उतार मी जन्मभर चालले, पण त्या दिवशी संपेना. दर वळणावर मी सुळक्याकडे बघायची. ऊन खाली येतंय, अजून खाली. मी मोठमोठ्याने देवाला नाही नाही ते बोलत होते. ऊन अर्ध्यावर आलं. मी डोळे मिटले, कानांवर हात ठेवले.

तरीही घंटा ऐकू आली. पण ती सकाळची नव्हती. सकाळची घंटा मोठी, सावकाश वाजते. ही वादळाची होती, लहान, कर्कश, कुत्रं भुंकावं तशी. गारा येणार असल्या की ती वाजवतात. ती ऐकली की कड्यावरच्या माणसाने विळा टाकायचा, घास टाकायचा आणि पोरांना धरून खाली पळायचं. आकाशात मात्र औषधाला ढग नव्हता.

मी चर्चपाशी पोचले तर डोमिनी पायरीवर हात धरून बसलेला. "चावली!" तो ओरडला. "तुझी भावजय मला चावली! म्हटलं बाई, ऊन पडलंय, गावाचा दिवस बुडेल, फादरना विचारू दे, तर दोर सोडवायला सरळ चावली! ही तीच ना, जी नमस्कारसुद्धा जमिनीला करते?"

आत फिनी दोराला लोंबकळत होती. फादर शेजारी उभे राहून काहीतरी सांगत होते. ज्या फादरना बघून तिला पापं आठवत नसत, त्यांच्याकडे तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. वर मुंग्यांसारखी माणसं कड्यावरून सुटायला लागली, तरी ती वाजवतच होती. शेवटी मी तिची बोटं एकेक करून दोरावरून काढली.

मग वाट बघणं. ते सर्वांत वाईट. घंटा वाजायच्या आत कुणी चोरून चमचा बुडवला असेल तर? क्लेमेन्सला भूक आवरत नसे. फिनी एकच वाक्य पुटपुटत होती, "तो खाणार नाही, तो घंटेच्या आधी खाणार नाही," आणि तिचे दात वाजत होते.

मेल्क खाली आला, पाठीवर कॅन, तोंडात शिव्या. "कुठे आहे वादळ? कोणी वाजवली?"

"कॅन उघडला?" फिनीने विचारलं.

"उघडलेला होता. चमचे हातात घेऊन बसलो होतो. का?"

तेवढ्यात त्याच्यामागून क्लेमेन्स आला. त्याचे ओठ जांभळे होते. हनुवटीपर्यंत जांभळे.

फिनीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही. तिने पोराला उचलून चर्चसमोरच्या कारंज्याच्या कट्ट्यावर पालथं घातलं आणि घशात बोटं घातली. पोरगं गुदमरत, रडत ओरडलं, "झुडपावरच्या खाल्ल्या! आई, झुडपावरच्या!"

"खरंच," आगाथ रडायला लागली, "कॅनला हात नाही लावला, मी बघत होते. झुडपावरचं चालतं, तो घास नसतो ना!"

फिनी थांबली नाही. त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं, नुसत्या ब्लूबेरी. ओटचा कण नव्हता. ते पाहिल्यावर ती तिथेच चिखलात बसली. मीही बसले, गुडघ्यासकट.

पण प्रकरण मिटलं नव्हतं. गावाचा वैरणीचा दिवस बुडाला होता. माणसं चिडून आमच्या मागोमाग अंगणापर्यंत आली. बाबा दारात विळ्याला धार काढत होते. त्यांना सगळं सांगितलं तर ते लालबुंद झाले.

"मी? मी डबा चुकलो? उंदीर मारण्यात माझा जन्म गेला आणि ही कालची पोर मला शिकवते? आणा तो कॅन."

मेल्कने कॅन खाली ठेवला. बाबांनी झाकण काढलं, चमचा बुडवला, भरून वर काढला. "बघा सगळे. झेम्पाचा हात चुकत नाही."

चमचा ओठांपाशी गेला. आम्ही पोटची पोरं असून खिळलेलो. हलली ती फिनी. तिने सासऱ्याच्या हातावर असा फटका मारला की चमचा भिंतीवर जाऊन आपटला. मग ती तळघरात गेली, दोन्ही डबे घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उन्हात ठेवले.

"मामंजी," ती म्हणाली. "आपला कुठला?"

"हा काय प्रश्न झाला? हा, हिरवा." आणि त्यांनी लाल डब्यावर हात ठेवला.

कुणी बोललं नाही. बाबांनी मान वळवून आवाजाचा अंदाज घेतला, आणि त्यांना त्या शांततेतच कळलं असणार. डब्यावरचा हात काढून घेत ते म्हणाले, "गेल्या हिवाळ्यापासून सगळं राखाडीच दिसतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला बाकावर बसवून ठेवलं असतं."

माणसं एकेक करून निघून गेली. डोमिनीसुद्धा हात चोळत गेला. मेल्कने लाल डबा आणि कॅनमधलं सगळं खोल पुरलं, वर दगड रचले. फिनीने बाबांचा हात धरून त्यांना आत नेलं, बाकावर बसवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी स्वतः बसली. त्यांच्या मनगटावर तिच्या फटक्याचा वळ उठला होता, त्यावर ती लोणी चोळत राहिली.

गावाने तिचं नाव घंटेवाली ठेवलं. बाबा गेले, पोरं शहरात गेली, मेल्कही गेला. आता घरात आम्ही दोघीच म्हाताऱ्या. मूठभर ओटांवरून मी तिला छळायची ते मागच्या हिवाळ्यापर्यंत. तेव्हा एकदा तिने खिडकीतून नजर न काढता उत्तर दिलं.

"मधे रात्र असते ना, वन्सं. काही झालंच तर आधी मला होईल. सकाळी मी उठले नाही, तर कुणी चमचा उचलणार नाही."

इतकी वर्षं. रोज संध्याकाळी. आणि मी तिला घोडी म्हणत होते.

काल ती दूध आणायला वळली तेव्हा मी गुपचूप हिरव्या डब्यात हात घालून मूठ भरली. तोंडापाशी नेली, तेवढ्यात तिचा फटका बसला. ओट घरभर सांडले. "तुमचं वय आहे का हे?" ती माझ्यावर ओरडली, आणि गुडघे टेकून एकेक ओट वेचायला लागली.