सुंठीच्या डब्यातली लसूण

माझ्या बायकोच्या, लाभूच्या हातची कढी मिळावी म्हणून आमच्या महुवा गावात माणसं तापाची वाट बघतात. हसू नका! गल्लीत कोणी आजारी पडलं की तिची कढी पोचलीच म्हणून समजा.

लसूण वाळवून दळायच्या कारखान्यात आम्ही दोघांनी तीस वर्षं काढली. ती चाळणीवर, मी गोण्यांवर. नाकं तिथंच ठेवून आलो. घरात वांग्यात, डाळीत, रोटल्यावर, सगळीकडे लसणाची पूड. पण वास म्हणाल तर शून्य.

शेजारच्या म्हाताऱ्या प्रभाबा, आमच्या सगळ्यांच्या बा, जैन. जन्मात लसूण शिवली नाही. तरी लाभूच्या हातचं खायच्या, कारण त्यांचं पातेलं ती वेगळं ठेवायची. ओलं आलं त्यांना वर्ज्य, म्हणून कढीत सुंठ घालायची.

गेल्या पौषात बांना सर्दी-ताप झाला. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या त्या, म्हणून लाभूनं चारलाच कढी नेली. बांनी एक वाटी संपवून दुसरी मागितली. "लाभू, आठ दिवसांनी तोंडाला चव आली गं!"

लाभू फुलून घरी आली. उरलेली कढी आमच्या नव्या सुनेनं, जसूनं, तोंडाला लावली. तिचं नाक अजून शाबूत. "मा, यात लसूण घातलीत?"

लाभूनं सुंठीचा डबा तिच्या नाकाखाली धरला.

"ही तर लसणाचीच पूड!"

लाभूनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, हा डबा कोणी भरला?"

"मी. सकाळी रिकामा दिसला..."

"साठी आली, अक्कल वाटेतच राहिली!"

"सांगू नकोस त्यांना," मी म्हणालो. "वाळलेलं आलं चालतं, मग वाळलेली लसूण..."

"गप्प बसा! डोळे मिटून खाल्लं त्यांनी माझ्या भरवशावर. आता त्या माझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत."

तशीच सांगायला गेली. मी मागोमाग.

बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डबा कुणी भरला होता?"

"मीच, बा," लाभू म्हणाली.

मी दाराची चौकट धरून उभा होतो. तोंड उघडलं नाही.

"चूक तुझ्या हातून झाली," बा म्हणाल्या. "पण दुसरी वाटी मागितली ती माझ्या जिभेनं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून आयंबिल मी करीन. आणि यापुढं कढी माझ्या चुलीवर, माझ्या डब्यांतलं घेऊन करायची. करायची मात्र तूच."

ताप उतरल्यावर बांनी आयंबिल केलं. दिवसातून एकदाच, बिनतुपाचं, बिनमसाल्याचं जेवण. लाभूनंही त्या दिवशी कोरडा भात खाल्ला. माझ्यापुढं भरलं वांगं होतं, मी ते नुसतं चिवडत बसलो.

"बापूजी, तिखट कमी पडलं का?" जसूनं विचारलं.

आता बा भेटल्या की म्हणतात, "अरजणभाई, तुमच्या बायकोला मानलं. खरं बोलायला छाती लागते."

"लागते बा," मी म्हणतो आणि चपला शोधू लागतो.