रोमशी उभा दावा

रोमन साम्राज्य बुडालं ही बातमी जगात फक्त एका माणसापर्यंत अजून पोचलेली नाही, आणि तो माणूस एडिनबरात आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतो. बाकीच्या जगाने रोमला कधीच माफ करून टाकलं. लोक तिथे सुट्टीला जातात, आइस्क्रीम खातात, पडक्या खांबांसमोर फोटो काढतात. वरचे काका मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचं भांडण काल संध्याकाळी जिन्यात झाल्यासारखं अंगावर बाळगून असतात. काका अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. पूर्वजांचं गलबत फुटलं, ते नवगावच्या किनाऱ्याला लागले, पुढे पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, हे सगळं ते पहिल्या भेटीतच सांगून मोकळे होतात. स्वतः काका इथल्या एका हॉस्पिटलात जन्मभर एक्स-रे काढून निवृत्त झाले. तरी "तुम्ही स्कॉटलंडला कसे आलात?" असं कुणी विचारलं की नोकरीचं नावही काढत नाहीत. "रोमने जेरुसलेम जाळलं, म्हणून," असं शांतपणे सांगतात.

वैर माणसाने झेपेल तेवढंच करावं. काकांचे वैराचे नियम ऐकून आपणच कपाळाला हात लावावा. रोमन आकडे ते वाचत नाहीत. डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये तसल्या आकड्यांचं घड्याळ आहे, तर हे त्याच्याकडे पाठ करून बसतात आणि शेजारच्या माणसाला पुन्हा पुन्हा वेळ विचारून भंडावून सोडतात. जुलै आणि ऑगस्ट ही नावं सीझर मंडळींची, म्हणून ती यांच्या जिभेवर येत नाहीत. एकदा दाढ ठणकत असताना त्याच डेंटिस्टच्या रिसेप्शनिस्टशी यांचा वाद जुंपला. फोन स्पीकरवर, आवाज टिपेला, त्यामुळे मला खाली स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येत होता. "द मंथ आफ्टर जून, माय डिअर." "जुलै, यू मीन?" "आय मीन व्हॉट आय सेड!" शेवटी त्या बिचारीने कंटाळून सप्टेंबरची अपॉइंटमेंट दिली. सप्टेंबरसुद्धा लॅटिनच, हे मी मुद्दाम वर जाऊन ऐकवलं, तर गालावर हात दाबून म्हणाले, "तो नुसता सातचा आकडा आहे गं. त्याने कुणाला मारलं नाही." दाढ यांची, हट्ट यांचा, आणि कण्हणं दोन महिने आमच्या छतातून.

यहुद्यांनी रोमविरुद्ध तीन मोठी बंडं केली आणि तिन्ही हरली. काकांना तिन्ही तोंडपाठ. आता शहाणा माणूस जिंकलेल्या लढाया सांगतो; यांना हरलेल्याच प्रिय. आमच्या बिल्डिंगीची देखभाल बघणारा जो एजंट असतो, त्याला इथे फॅक्टर म्हणतात. त्याच्याविरुद्धही काकांनी आजवर तीन बंडं केली, जिन्याच्या रंगावरून, मागच्या हिरवळीवरून आणि दाराच्या बेलवरून. तिन्ही बंडांत काकांच्या सैन्यात एकटे काकाच होते, आणि निकाल इतिहासाला धरूनच लागला. "तुम्ही हरणाऱ्यांच्याच बाजूने का हो नेहमी?" मी एकदा खवचटपणे विचारलं. म्हणाले, "जिंकणाऱ्याला आठवण ठेवणारा माणूस लागत नाही. त्याच्या नावाने भिंत असते."

भिंत म्हणजे हेड्रियनची. इथून गाडीने दोन-अडीच तासांवर, इंग्लंडच्या उत्तरेला, ती डोंगरांवरून पसरलेली आहे आणि वर्षभर लोक तिच्यावर सँडविच खात असतात. ज्याने ती बांधली त्याच सम्राटाने तिसरं बंड चिरडलं. "आणि सेनापती कुठून नेला माहीत आहे? इथून! ब्रिटनच्या सुभेदारालाच बोलावून नेला!" हे काका अशा आवाजात सांगतात, की तो सुभेदार आमच्याच जिन्यावरून उतरून गेला असावा. त्या सम्राटाचं नाव निघालं की पाठोपाठ शाप द्यायचा, 'त्याची हाडं चूर होवोत', ही यहुद्यांची जुनी रीत. काकांनी तिला अलिबागचं वळण दिलंय, "हाडांचं पीठ होवो मेल्याच्या!" नाव दहादा निघालं तर पीठ दहादा. ज्याने जन्मभर लोकांची मोडलेली हाडं निगुतीने प्लेटवर आणली, त्या माणसाच्या तोंडात हे शोभतं का, पण सांगणार कोण?

मराठी मंडळाच्या गणपतीत कुणा हौशी सेक्रेटरीने यांना दहा मिनिटं बोलायला दिली. काका जेरुसलेमच्या वेढ्यात शिरले ते बाहेरच येईनात. मोदक गार झाले, पोरं झोपली. काका सांगत होते की शहरात धान्य वर्षानुवर्षं पुरेल एवढं होतं. पण आतल्या तीन टोळ्या आपसात भांडल्या आणि एकमेकांची कोठारं त्यांनीच जाळली. "रोम बाहेर होता. उपाशी आपण आपल्यालाच मारलं," असं म्हणून त्यांनी मंडळाच्या आजी आणि माजी अध्यक्षांकडे अशा नजरेने पाहिलं, की दोघेही एकदम आरतीची ताटं शोधू लागले. मी मागे बसून दात विचकत होते. दुसऱ्याच्या घरातली आग काकांना फार लांबून दिसते.

जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवशी हे लोक उपास करतात आणि उपास सोडताना वालाचं बिरडं खातात. आता आम्ही पनवेलकडचे. आमच्याकडे बिरडं म्हणजे सणाच्या पानातला मान, आणि हे आमच्या मानाच्या भाजीवर सुतक पाळतात! एडिनबराच्या गारठलेल्या उन्हाळ्यात वालाला मोड आणणं हेच मुळात चौथं बंड. काका वाल बॉयलरच्या कपाटात फडक्यात बांधून ठेवतात आणि रात्री उठून बघतात. मोड आले की ते सोलायला मला हाक येते. शिव्या घालत मी वर जाते, कारण बिरडं उत्तम करतात, हे कबूल करावंच लागतं.

गेल्या वर्षी वाल सोलायला बसले तेव्हा मी शिव्या मनात नव्हे, तोंडावर घालायच्या ठरवून गेले होते. काकांना एकच मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ही मुलगी इथेच जन्मली, दगडकाम शिकली, जुन्या इमारती दुरुस्त करते. त्याच्या चार वर्षं आधी तिला नोकरी लागली ती नेमकी त्या भिंतीवर, पडलेले तुकडे पुन्हा रचायची. तेव्हापासून काकांनी तिच्या कामाचा एकही फोटो पाहिला नव्हता. ती घरी आली की हवेवर बोलायचे. आता तिला कॅनडात काम मिळालं होतं आणि ती पंधरवड्यात निघणार होती. तिने मला फोन केला, "ताई, प्लीज तुम्ही सांगा ना बाबांना. एकदाच या. माझा भिंत बघा. दॅट्स ऑल आय वॉन्ट. मग मी जाते." मला काकांचा असा संताप आला की विचारू नका.

"काका, जाणार आहात की नाही?"

"त्याच्या भिंतीला पाय लावणार नाही."

"पाय नका लावू, डोळे लावा. पोरगी चालली आहे."

"तिला दुसरं काम मिळत नव्हतं? माझी मुलगी त्याचं नाव उभं ठेवते!"

मी हातातला वाल ताटात टाकला. "भरल्या घरात कोठारं कुणी जाळली हो, काका? रोमने?"

काका सोललेले वाल पुन्हा सोलायला लागले. मला वाटलं, झालं, आता माझ्याशीही हवेवरच बोलणार. पण शनिवार गेल्यावर, रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात बिरड्याचा डबा. "गाडी तूच काढ," म्हणाले. "मला तो सरळ रस्ता बघवत नाही. तोही रोमनांनीच आखलेला आहे."

मुलगी कामाचे बूट घालून वाट बघत होती. तिच्या आधी आम्हाला एका गाइड बाईंनी गाठलं. त्या उत्साही, आणि वाक्यागणिक सम्राटाचं नाव. काका वाक्यागणिक पुटपुटत होते. एका म्हाताऱ्या इंग्लिश बाईंना वाटलं यांचा घसा धरलाय. त्यांनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून दिली. काकांनी "थँक यू" म्हणून गोळी तोंडात टाकली आणि गोळीसकट पीठ दळणं चालू ठेवलं. मी लाजेने मेंढ्या बघत उभी राहिले.

मग मुलीने आम्हाला पलीकडे नेलं. पावसाने ढासळलेला भाग तिने उन्हाळाभर रचला होता. "कुठले दगड तुझे?" काकांनी विचारलं. ती म्हणाली, "ओळखू नाही यायला पाहिजे, बाबा. दॅट्स द जॉब." काकांनी खिशातून चष्मा काढला आणि एक्स-रे उजेडाला धरून बघावा तसं एकेका सांध्यात बघत ते टोकापर्यंत गेले. परत येऊन एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथून इथपर्यंत तू."

"हाऊ डिड यू नो?"

"लहानपणी ठोकळे रचताना बारका ठोकळा तू नेहमी डावीकडे सरकवायचीस."

ती रडायलाच लागली. काकांनी डबा उघडून तिच्यापुढे धरला आणि "गार होईल," एवढंच म्हणाले. इतिहासावर तासन् तास बोलणारा हा माणूस, पोरीपुढे दोन वाक्यं याला धड जुळवता आली नाहीत. मला चिडायचं होतं, पण त्या दिवशी ते जमलं नाही.

ती गेली त्याला वर्ष होत आलं. काका आता महिन्यातून एकदा तिथे जातात, ट्रेन आणि बस करून, गुडघे कुरकुरत असताना. मी भरपूर टोमणे मारले. "त्याच्या भिंतीला चाललात?" तर ऐकू न आल्यासारखं करतात. मागच्या रविवारी मीच घेऊन गेले. वारा बोचरा, माणसं तुरळक. काका त्या तुकड्यापाशी पाठ टेकून बसले होते. एका पर्यटक बाईंनी हातातला नकाशा सावरत त्यांना विचारलं, हा भाग कुणी बांधला, ठाऊक आहे का?

"माय डॉटर," काका म्हणाले.

बाईंना थट्टा वाटली. त्या हसल्या आणि पुढे गेल्या. काका हसले नाहीत. दगडावरचा हात तसाच ठेवून त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि मला म्हणाले, "तिकडे आता उजाडलं असेल गं. उठली असेल का?"