गोठ्यातली कॅल्शियमची बाटली

मला राग लवकर येतो, आणि आला की तोंडाआधी हात चालतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी आप्पा, माझे वडील, माझ्याजवळ आले.

मी शिरूरजवळच्या एका लहान कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनच्या थराथरांची काळी पूड आम्ही हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकतो. थरांमधलं अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिड खाऊन टाकतं आणि घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तशी उरलेली पानं सुटी होतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी पातळ. हेच अ‍ॅसिड कातडीवर पडलं तर बऱ्याचदा लगेच कळत नाही. आत मुरतं, हाडातल्या कॅल्शियमला भिडतं, मग कळतं. त्यावर उताराही कॅल्शियमचाच. नव्या पोरांना हे मीच दरडावून सांगायचो. आणि त्या दिवशी जाड हातमोजे न घालता अ‍ॅसिडची नळी उचलली ती मीच. बोट ओलं लागलं. नळाखाली धरलं, दुखलं नाही, म्हणून गाडीला किक मारून न्हावऱ्याला घरी आलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

धारा काढायच्या वेळी गोठ्यात कळ उठली. बोट पांढरंफटक पडलं होतं. मी बादली लाथाडली, खांबावर डोकं आपटलं, गुरासारखा ओरडलो. आप्पा हळदीची वाटी घेऊन धावले आणि त्यांनी माझं बोट धरलं. मी सगळ्या ताकदीनं त्यांना ढकललं. ते गव्हाणीवर आदळले. त्यांचं मनगट कडकन वाजलेलं मला ऐकू आलं.

"हळद न्हाई, कॅल्शियम पायजे!" मी तरीही ओरडतच होतो.

आप्पा उठले. मोडका हात पोटाशी धरून त्यांनी कोनाड्यातली बाटली काढली. गाय व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडून खाली बसली की डॉक्टर तिला चढवतात, ती. "ही चालंल का?" म्हणाले, आणि दातांनी सील तोडून त्यांनी ती वाटीत ओतली.

बोट वाटीत बुडवून मी काकांच्या गाडीत बसलो. शिरूरच्या दवाखान्यात कॅल्शियमची इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बोट गेलं असतं. शेजारच्या खाटेवर आप्पांच्या हाताला प्लास्टर चढत होतं.

"तुला काय झालं रं दादा?" काकांनी विचारलं.

"गाईनं लाथ मारली," आप्पा म्हणाले. मला लाज वाटली, पण ते खोटं मी तसंच राहू दिलं.

सकाळी काका काठी घेऊन गोठ्यात शिरले. "धन्याचा हात मोडतीस व्हय?" म्हणत त्यांनी गाईला हाणायला सुरुवात केली. ती दाव्याला हिसके देत होती. चौथ्या काठीला मी मध्ये गेलो.

"काका, तिनं न्हाई. म्या ढकललं आप्पांना."

काठी क्षणभर थांबली. मग माझ्या पाठीत बसली. पुन्हा बसली. मी हललो नाही. आप्पा प्लास्टरचा हात मध्ये घालत ओरडत होते, "आरं, त्याचं बोट! बोटाला लागंल त्याच्या!"