राहायचं कुठे, ते मिस व्हर्डेलला विचारा

लास वेगसला आमच्यापैकी, म्हणजे काळ्या माणसांपैकी, कुणी नवखा उतरला, की स्टेशनवरचा हमाल त्याला आधी एकच गोष्ट विचारायचा, "कुणाचं घर आहे का इथे?" नाही म्हटलं, की तो रुळांच्या पलीकडे हात करायचा. "पुलाखालून तिकडे जा. मिस व्हर्डेल टेटमचं घर विचार. शेंबडं पोरही दाखवेल."

रुळांच्या एका अंगाला शहर होतं, दिवे होते, जुगाराची मोठमोठी हॉटेलं होती. दुसऱ्या अंगाला आम्ही. आमच्याकडे डांबरी रस्ता नव्हता. वारा सुटला की वाळू थेट ताटात यायची. हॉटेलांतले पलंग आम्ही आवरायचो, भांडी आम्ही घासायचो. पण त्या पलंगावर काळ्या माणसाने पाठ टेकायची नाही. तसा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. रिवाज होता, आणि तो कायद्याहून पक्का होता.

व्हर्डेल माझी थोरली नणंद. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ती आणि तिचा नवरा एमॉस लुइझियानातला कापूस सोडून इथल्या मॅग्नेशियमच्या कारखान्यात आले. एमॉसने मोडक्या इमारतींची लाकडं आणून घर उभं केलं. दर वर्षी एक खोली वाढवायचा. एका उन्हाळ्यात कामावरच छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. मूलबाळ नव्हतं. उरलं काय, तर खोल्या. व्हर्डेलने त्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली.

उंच, हाडापेराने मजबूत बाई. चालली की फळ्या वाजायच्या. तिच्या घरात दारू नाही, पत्ते नाहीत, आणि उशीचा अभ्रासुद्धा इस्त्री केल्याशिवाय चढायचा नाही. पाहुणे नाना तऱ्हेचे यायचे. नाचणाऱ्या पोरी, मुष्टियोद्धे, गावोगाव प्रवचनं करत फिरणारे पाद्री. एका ट्रम्पेटवाल्याने एकदा लाडात येऊन विचारलं, "मिस व्हर्डेल, जरा रियाज करू का?"

"कर की," व्हर्डेल म्हणाली. "एवढं वाळवंट कशाला दिलंय देवाने? तिकडे जा आणि कर."

सगळ्यांत लाडकी होती ती ऑरेलिया गेन्स. मी ज्या हॉटेलात खोल्या आवरायचे, तिथेच ती हिवाळाभर गायची. दारावर तिचं नाव पुरुषभर उंचीच्या दिव्यांनी लिहिलेलं असायचं. टाळ्या थांबल्या, की तिला स्वयंपाकघराच्या दाराने, कचऱ्याच्या पिंपांशेजारून बाहेर काढायचे आणि टॅक्सीत बसवायचे. टॅक्सी यायची व्हर्डेलकडे. सकाळी ऑरेलिया स्वयंपाकघरात मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायची.

"ओझेला," तिने एकदा मला विचारलं, "वरच्या खोल्या कशा आहेत गं?"

"गालिचे आहेत. पाऊल रुततं."

"आणि खिडकीतून?"

"पोहायचा तलाव दिसतो."

"बघा! आणि मिस व्हर्डेलच्या खिडकीतून काय दिसतं? कोंबड्या."

व्हर्डेल चुलीपाशी पाठमोरी उभी होती. तशीच म्हणाली, "त्या कोंबड्यांची अंडी रोज दोन-दोन हाणतेस ती? तलाव काय अंडी घालणार आहे?"

ऑरेलिया इतकी हसली की पाणी सांडलं. पण त्या दिवशी बाहेर पडताना मी पाहिलं, ती खोलीच्या दारात उभी राहून कोंबड्यांकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

साठ साली वसंतात आमच्या लोकांनी ठरवलं, आता पुरे. हॉटेलांनी दारं उघडली नाहीत, तर त्यांच्या दिव्यांच्या रस्त्यावरून मोर्चा काढायचा. चर्चमध्ये सभा झाली. कोण कोण चालणार, असं विचारल्यावर पहिल्या चार-पाच हातांत व्हर्डेलचा हात होता.

माझा नवरा रूबेन, म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जिभेला हाड नाही त्याच्या. घरी येताना म्हणाला, "ताई, तू कुठे निघालीस मोर्चाला? त्यांनी दारं उघडली तर तुझ्या दारात कोण येणार?"

"तू तोंड मिटून चाल, वाळू जाईल," ती म्हणाली. पण पुढे घरापर्यंत ती आमच्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

मोर्चा काढावाच लागला नाही. आदल्या दिवशी हॉटेलवाल्यांनी दारं उघडायचं मान्य केलं. आमच्या वस्तीत माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. व्हर्डेलने पीचचं सारण भरून गोड पेस्ट्री भाजली आणि अख्ख्या गल्लीत वाटली.

पुढच्या हिवाळ्यात ऑरेलिया यायची होती. व्हर्डेलने तिची खोली धुऊन काढली, पडदे बदलले, कॅटफिश तळायला घेतले. टॅक्सी आली ती भर दुपारी. ऑरेलिया उतरली. हातात फक्त पर्स.

"सामान कुठंय?" व्हर्डेलने विचारलं.

"सामान... तिकडे ठेवलंय, मिस व्हर्डेल. हॉटेलात."

व्हर्डेलने कढईतला मासा उलटला.

"मी तिथे नाही राहिले, तर ते काय म्हणतील?" ऑरेलिया घाईघाईने बोलायला लागली. "म्हणतील, बघा, दार उघडलं तरी यांनाच नको आहे. म्हणून मला..."

"मी अडवलंय का तुला?"

"नाही, पण तुम्ही..."

"अगं, मोर्चासाठी मीही हात वर केला होता. ते काय उगीच? बस. जेवून तर जा."

ऑरेलिया जेवली, पण घास तिच्या तोंडात फिरत होते. टॅक्सी गेल्यावर व्हर्डेल कितीतरी वेळ तीच एक थाळी घासत राहिली.

ऑरेलियाची हॉटेलातली खोली मी आवरायचे त्याच मजल्यावर होती. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, तिच्या डावीकडची आणि उजवीकडची खोली कुणाला देत नाहीत. शेजारी झोपायला गोरं गिऱ्हाईक कुरकुरेल म्हणून. मी हे व्हर्डेलला सांगितलं.

"तिला ठाऊक आहे?" तिने विचारलं.

"कळल्याशिवाय राहील का?"

व्हर्डेल म्हणाली, "तू तिच्या उशीचा अभ्रा इस्त्री करून घालत जा. तिकडे नसतील करत."

हळूहळू सगळेच गेले. नाचणाऱ्या पोरी गेल्या, वाजवणारे गेले. पाद्रीसुद्धा गेले. प्रवचनाला आमच्याकडे आणि झोपायला तिकडे. आमच्या रस्त्यावरची खानावळ बंद झाली, मग तिच्याशेजारचं न्हाव्याचं दुकान. रूबेनने चेष्टा करणं सोडून दिलं. व्हर्डेलने महिन्याच्या भाड्याने माणसं ठेवून पाहिली. ती टिकली नाहीत. लोकांच्या शर्टांना इस्त्री करून देऊ लागली. रिकाम्या खोल्यांच्या चादरी मात्र दर शनिवारी बदलायची. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाली, "धूळ बसते."

पुढच्या ऑगस्टमधली गोष्ट. शनिवारची दुपार, ऊन असं की कोंबड्या चोच उघडून बसलेल्या. आम्ही तिघं ओट्यावर होतो. कॅलिफोर्नियाची पाटी असलेली हिरवी गाडी समोर थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती. आत कोवळं जोडपं. तो हॉलिस, शाळेत शिकवणारा. ती नेटी फे. चार दिवसांपूर्वी लग्न झालेलं. रूबेनने गाडीत पाणी घातलं. हॉलिस म्हणाला, "काकू, आम्ही पहिल्यांदाच आलोय. राहायला चांगलं कुठे?"

रूबेनने माझ्याकडे पाहिलं. मी व्हर्डेलकडे. तिच्या मागे सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या, दारावर पाटीही होती. उन्हाने अक्षरं उडाली होती एवढंच.

व्हर्डेल उठली, ओट्याच्या कडेला आली आणि हात करून सांगू लागली, "पुलाखालून सरळ जा. मग उजवीकडे. मोठ्या रस्त्याला लागलात की चौथं हॉटेल. तलाव आहे, गालिचे आहेत. नवीन लग्न झालंय, तिथेच राहा."

गाडी गेली. रूबेन म्हणाला, "ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्यांनी विचारलं चांगलं कुठे. मी खरं ते सांगितलं."

उन्हं कलायच्या आत गाडी परत आली. हॉलिस उतरला, पण वर आला नाही. पायरीशीच उभा राहिला. नेटी फेची हॅट तिच्या मांडीवर होती.

"सगळ्या खोल्या भरल्यात म्हणाले," तो म्हणाला. "बाहेर तर पाटी होती, खोल्या आहेत म्हणून."

"झालं!" रूबेन उठला. "आण रे सामान आत. ताई, कोपऱ्यातली देऊ ना?"

"आम्हाला इथेच आवडेल, खरंच," नेटी फे गाडीतून म्हणाली. वर मात्र तिने पाहिलं नाही.

"मला नाही आवडणार," व्हर्डेल म्हणाली.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा डोक्यावर चर्चची हॅट, हातांत पांढरे हातमोजे. "ओझेला, चल."

"मी? अगं, मी तिथे कामाला आहे!"

"म्हणूनच चल. वाट तुझ्या पायाखालची आहे."

"मला मागचंच दार माहीत आहे."

"मग आज पुढचं बघ."

त्या दारातून मी पहिल्यांदाच शिरले. आत बर्फासारखा गारवा, जुगाराच्या यंत्रांचा खणखणाट. टेबलामागे एक गोरा, नीटनेटका पोरगा होता. त्याने अदबीने सांगितलं, खोल्या भरल्या आहेत, मॅडम.

"मग रिकामी होईपर्यंत बसतो," व्हर्डेल म्हणाली, आणि समोरच्या सोफ्यावर जाऊन बसली. आम्हीही बसलो. पोरग्याने मला ओळखलं.

"ओझेला, तुझी सुट्टी ना आज?"

"हो सर."

"मग इथे काय करतेस?"

मी व्हर्डेलकडे पाहिलं. तिनेच उत्तर दिलं, "माझ्यासोबत आलीय."

येणारे-जाणारे बघत होते. नेटी फेने हॉलिसचा कोट ओढला. "जाऊ या ना."

"बाळा, बसून राहा," व्हर्डेल म्हणाली. "पाय दुखतात का? नाही ना? मग बस."

तेवढ्यात एक गोरं जोडपं आलं, धुळीने भरलेलं. पोरग्याने विचारलं, किती दिवस राहणार? आणि किल्ली काढून दिली.

व्हर्डेल उठली. "त्यांनी आधी कळवलं होतं का?"

"मॅडम..."

"मी ऐकत होते. तुम्ही ते विचारलंच नाहीत. माझाही हाच धंदा आहे, बाबा. खोली असताना नाही, असं मी कुणाला सांगितलं नाही." तिचा आवाज जराही चढला नव्हता, पण जवळच्या यंत्रावरच्या बाईचा हात थांबला. "आम्ही मोर्चा रद्द केला होता. तो परत काढता येतो. फोन कुठे आहे तुमचा?"

पोरगा आत गेला. आतून एक म्हातारा माणूस आला, त्याने आम्हा चौघांकडे पाहिलं, पोरग्याच्या कानात काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. किल्ली टेबलावर आली. सही करताना हॉलिसने पेन इतकं दाबलं की शाई पसरली.

"तुम्ही वर चला ना, खोली बघायला," नेटी फे व्हर्डेलचा हात धरून म्हणाली.

"नको. खोली तुमची आहे. दाराला कडी लावा नीट."

आम्ही बसने परतलो. व्हर्डेलने हॅट काढून मांडीवर ठेवली. पुलाजवळ आल्यावर म्हणाली, "माझं अख्खं घर रिकामं आहे, ओझेला. आणि मी त्यांना तिथे पोचवून आले."

"चुकलं असं वाटतं का?"

"नाही. चुकलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण बरं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर ती जेवणाची वेळ टळेपर्यंत ओट्यावर होती. त्या दोघांची वाट बघत होती, हे तिने कबूल केलं नाही. ते काही थांबले नाहीत. दुसऱ्या रस्त्याने गेले असतील. मला त्यांचा राग आला. तिला नाही आला. "पोरं आहेत," एवढंच म्हणाली. सोमवारी मला वरच्या मजल्यावरून काढून तळघरात धोबीखान्यात टाकलं. तिथल्या वाफेत उभं राहून राहून माझी पावलं सुजायची. व्हर्डेल मिठाचं पाणी गरम करून माझ्यापुढे ठेवायची.

त्याच वर्षअखेरीस तिने पलंग विकले आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. गुडघे जाईपर्यंत ती केली. ऑरेलियाचा कार्यक्रम पुढे हॉटेलने बंद केला. ती कुठे गेली, आम्हाला कळलं नाही.

चर्चमध्ये मात्र कुणाकडे बाहेरगावचे पाहुणे आलेले दिसले, की व्हर्डेल काठी टेकत त्यांच्यापाशी जायची. "कुठे उतरलात?" ते हॉटेलाचं नाव सांगायचे. "नीट वागले का तुमच्याशी?" ती विचारायची. काही जण अडखळायचे. मग ती त्यांना बाजूला घेऊन काय झालं ते सगळं ऐकून घ्यायची. बहुतेक जण मात्र म्हणायचे, "हो हो, फारच छान व्यवस्था आहे."

"असं का," ती म्हणायची. मान डोलवायची, आणि बोलणं वाढवायच्या आत दुसरीकडे वळायची.