बोअरच्या पाइपाचा खांब

पोल डान्सच्या सरावासाठी घरात खांब हवा, असं मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी उठून दार लावून घेतलं. अमरावतीतल्या आमच्या गल्लीत असला शब्द बाहेर जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. एरवी ते जुन्या वळणाचे नव्हते. उभा जन्म त्यांनी आखाड्यात पोरांना मल्लखांब शिकवला होता. पोरींनी दोरीच्या मल्लखांबावर खेळावं असं सगळे म्हणत असताना त्यांनी मला सातव्या वर्षी लाकडी खांबावर चढवलं होतं.

पुढे कापसाची आणि संत्र्याची वाईट वर्षं एकामागून एक आली. खेड्यांतून शिकायला आलेली पोरं वसतिगृह सोडून घरी परतली. आखाड्यात चार टाळकी उरली, आणि एके दिवशी बाबांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका. ते एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगवर रखवालदार झाले. तिथे राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आई आधीच गेलेली. मी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहायचे आणि घरी येऊन बाबांवर खेकसायचे.

अशात कळलं की पुण्याची एक नाचाची मंडळी महिन्याभराने अकोल्यात निवड चाचणी घेणार आहे. पोलवर काम करणाऱ्या मुली त्यांना हव्या होत्या. राहायची सोय आणि कायम काम. मला तिथे जायचंच होतं. खोटं कशाला सांगू, नाचाच्या प्रेमापेक्षा त्या घरातून, त्या वर्षांतून बाहेर पडायची घाई जास्त होती.

मोबाइलवर पाहिलेले बहुतेक खांब जमीन आणि स्लॅब यांच्यात ताणून बसवायचे होते. आमच्या भाड्याच्या घराला टिनाचं छत. तसला खांब लावला असता तर टिन उचकटून शेजाऱ्याच्या अंगणात पडलं असतं. पुरायचा म्हटलं तर घरमालक फरशीला हात लावू देईना. म्हणजे राहिला तो स्वतःच्या बुडावर उभा राहणारा. तसला एक व्यायामाच्या सामानाच्या दुकानात मिळाला. चकचकीत, चार तुकडे जोडलेला, आणि खाली ताटाएवढं बूड. बाबांनी एका बोटाने ढकलला तर तो डुलायला लागला.

"याच्यावर टावेल वायत घाला," बाबा दुकानदाराला म्हणाले आणि बाहेर पडले.

तिथून आम्ही सरळ चाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. चाचा म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्या दिवसांत त्यांच्या दुकानामागे पाइपांचा ढीग लागलेला असे. शेंदूरजनाघाटकडच्या संत्र्याच्या बागा वाळल्या होत्या, बोअर कोरडे पडले होते. लोक त्यातले पाइप उपसून भंगारात घालत होते. चाचांनी मला ढिगापाशी नेलं.

"डोये मीट अन् मुठीत धर," ते म्हणाले. "अंगठा बोटाले टेकला पायजे."

मी एकेक पाइप धरून पाहिला. जाड होते त्यांना मूठ पुरेना, बारीक होते ते हातात फिरायचे. काहींवर गंजाचे फोड होते. एक पाइप मात्र मुठीत नेमका बसला. मी कोपराच्या आतली कातडी त्यावर घासून पाहिली. ती धरून राहिली. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, बघू दे म्हटलं. बाबा कामावर निघून गेल्यावर चाचा रंग मारायला निघाले, तेव्हा मी त्यांना अडवलं, कारण रंगावर अंग घसरतं. नुसता घासून गुळगुळीत करा म्हटलं. बुडासाठी त्यांनी एका मोडीत निघालेल्या जिनिंगचं ओतीव बिडाचं चाक आणलं. दोन माणसांना ते उचलेना, गडगडत न्यावं लागलं. त्यावर नऊ फुटांचा पाइप उभा वेल्ड केला, चारी बाजूंनी टेकू दिले. मग घरी आणून उभा केल्यावर स्वतः पोट सावरत वर चढले आणि लटकले.

"हत्ती चढला तरी हालनार नाई, बेटी," ते वरूनच म्हणाले. मजुरीचं नाव त्यांनी काढू दिलं नाही.

बाबा कामावर असताना मी दुकानाच्या दुपारच्या सुट्टीत घरी येऊन, दार लावून सराव करायचे. आखूड कपड्यांत करायचा सराव, दुसरी वेळ नव्हती. वर टिन तापलेलं असे. पोलवर कातडी चिकटते म्हणूनच माणूस टिकतो, त्यामुळे आठवड्याभरात माझे दंड, पिंढऱ्या, पावलांच्या वरच्या बाजू सोलून निघाल्या. बाबांनी एकदा जेवताना पाहिलं.

"काहून सोलून राह्यली एवढी?"

"असंच असते याच्यात," मी म्हणाले आणि ताट घेऊन उठले. दोन वाक्यं जास्त बोलले असते तर माझं काय जाणार होतं!

चाचणीच्या आदल्या दिवशी बाबा पहाटेच कामावर गेले होते. दुपारी मी फडक्याने खांब पुसला, नेहमीसारखा हात पोचेल तिथपर्यंत, आणि चढले. तिथपर्यंतचा खांब नेहमीसारखा होता. हात तिथेच ठेवून उलटी झाले, पाय वरच्या टोकाकडे नेऊन मांड्यांनी पकड घेतली आणि हात सोडले. मांड्या सुटल्या. सावरायला खांब धरला तर हाताला ओशट लागलं. एरंडेलाचा वास नाकात शिरला आणि डावा हात अंगाखाली घेऊन मी फरशीवर आपटले.

मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल लावतात, नाहीतर कातडी ओढली जाते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वस्तादाने स्वतः स्टुलावर चढून, वरून खाली तेल चोळायचं, ही बाबांची चाळीस वर्षांची रीत. त्या पहाटे मी झोपेत असताना त्यांनी माझ्या खांबालाही चोळलं होतं. बाटलीतलं तेल वरच्या दोन फुटांतच संपलं, म्हणून खालचा भाग कोरडा राहिला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं, कोपर निखळलं. दवाखान्यात बाबा धावत आले ते रखवालदाराच्या कपड्यांतच. माझा हात त्यांनी जवळ घेतला आणि हुंगला. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"बाई, मी सकाळी..." ते म्हणाले.

"बूड हाललं, बाबा," मी म्हणाले. "वेल्डिंग कच्चं होतं."

त्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. त्यांना खरंच पटलं की त्यांनी पटवून घेतलं, मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी ते चाचांच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना नको नको ते बोलले. लहानपणापासूनची दोस्ती त्यांनी तिथेच मोडली. चाचा दुसऱ्या दिवशी माणसं आणि हातगाडी घेऊन आले. त्यांनी एकेक सांधा बोटाने चाचपला, चाक हलवून पाहिलं. काही सापडलं नाही. तरी मान खाली घालून खांब घेऊन गेले आणि त्याचे तुकडे केले, असं नंतर कळलं.

अकोल्याला मी गेले नाही. मनगट पूर्ण वळलंच नाही, पुढेही कुठे गेले नाही. बाबांनी त्यांच्या शेवटपर्यंत चाचांचं नाव घेतलं नाही, आणि मी घेऊ दिलं नाही असंच म्हटलं पाहिजे.

बाबा वारले तेव्हा चाचा आले. म्हातारे झाले होते. कोपऱ्यात बसले आणि सगळे उठल्यावर मला म्हणाले, "मी मग मानूस चढंल असं काई बनवलंच नाई, बेटी. पोरांचा झुला नाई, शिडी नाई. खिडक्याच करत राह्यलो."

आता सांगायला हरकत नव्हती. ज्यांना वाचवायचं होतं ते बाबा सकाळीच जळून गेले होते. मी तोंड उघडलं, पण एवढ्या वर्षांच्या लाजेने पाणी घेता का, एवढंच विचारलं.

चाचांनी माझा वाकडा हात दोन्ही हातांत धरला. "माफ केलं ना मले?" त्यांनी विचारलं.

"हो चाचा," मी म्हणाले. "केलं."