स्लीव्हची पातळ बाजू

फुलचूर नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये खेमराज मिस्त्रीचं बोरिंगचं, म्हणजे झिजलेल्या इंजिनाच्या ब्लॉकमधलं भोक कापून मोठं करण्याचं, दुकान. मशीन एकच, पण पस्तीस वर्षांत तिच्यावर किती मोटारसायकलींचे ब्लॉक चढले असतील, हे त्याला विचाराल तर म्हणेल, "मोजत बसलो असतो तं बोर कधी केले असते गा?"

असा बोलका माणूस, पण त्या दिवशी सकाळपासून नुसता एका ब्लॉककडे पाहत होता. समोर स्टुलावर बोदलकसाचा चुन्नीलाल बसलेला. तळ्याची मासोळी गाडीवर लादून गोंदियाला विकणारा. त्याच्या वीस वर्षांच्या गाडीचा पिस्टन जाम झाला होता आणि स्लीव्हला, म्हणजे पिस्टन जिच्यात खालीवर होतो त्या बिडाच्या नळीला, लांब चरा पडला होता. हे मॉडेल केव्हाच बंद झालेलं, नवा ब्लॉक कुठंच मिळेना. ही नळी वाया गेली तर गाडी भंगारात, आणि गाडीसोबत चुन्नीलालचा धंदाही.

"जुन्या पिस्टनवर पन्नास लिहून आहे," चुन्नीलाल म्हणाला. "शंभरचा मी घेऊन आलो. टाक ना बापा! काऊन असा पाहून राहिला?" पन्नास म्हणजे मूळ मापाहून अर्धा मिलीमीटर मोठा पिस्टन, शंभर म्हणजे एक मिलीमीटर, आणि नळीचं भोकही तेवढंच कापून वाढवावं लागतं.

"आकडा वाचूनच एकदा फसलो मी."

आणि ते खरंच होतं. पंचविशीत असताना आमगावच्या एका दूधवाल्याचा ब्लॉक त्यानं असाच, पिस्टनवरचा आकडा वाचून, धडाक्यात मोठा करून दिला. आठव्या दिवशी नळी खालून फाटली, चाक जागीच अडकलं आणि दूधवाला कॅनसकट रस्त्यावर. पाय मोडला बिचाऱ्याचा. आधीच्या कुणा मिस्त्रीनं भोक एका अंगाला सरकवलं होतं, म्हणून तिथली भिंत पातळ उरली होती. आकडा सांगतो भोक केवढं आहे, भिंत किती उरली ते नाही सांगत. तेव्हापासून ब्लॉकखाली नळीची जी कड बाहेर येते, ती चार बाजूंनी मोजल्याशिवाय खेमराज मशीनचं बटण दाबत नाही.

आज मोजली, तर एक बाजू पातळ. जुन्या भोकाला धरून कापलं तर तिथं भिंत पावणेदोन मिलीमीटरही उरत नव्हती, आणि त्याखाली तो जात नसे. त्यात दुष्टावा असा, की चरा नेमका त्याच बाजूला!

"नाही जमत म्हण ना एकदाचं," चुन्नीलाल नवा पिस्टन परत पिशवीत ठेवत म्हणाला.

"थांब गा."

खेमराजनं डायल गेज, म्हणजे काट्याचं मापयंत्र, भोकातून काढून नळीच्या बाहेरच्या अंगाला लावला. भोक वाकडं असलं तरी नळी तर सरळ होती. ब्लॉक हलकेच ठोकून सरकवायचा, काटा बघायचा, पुन्हा ठोकायचा, नळीचा खरा मध्य मशीनखाली येईस्तोवर. तासभर चाललं. आता कापायचं टूल जाड बाजूचं बीड जास्त खाणार, पातळ बाजूचं केसाएवढं. पण चरा केसाहून खोल असला तर?

मशीन सुरू झाली. एका बाजूला बिडाचा काळा भुगा झरू लागला, दुसरीकडे टूल नुसतं गुणगुणत होतं. चुन्नीलाल उठून जवळ आला.

"दिवा झाकू नको!" खेमराज खेकसला.

टूल वर आलं. आत बॅटरी मारली. चरा होताच, बारीक, कोळ्याच्या धाग्यासारखा.

"आहे ना अजून?"

"आहे."

आता फक्त घासायचे दगड फिरवायचे उरले होते, तेही नवा पिस्टन सैल होऊ न देता. दहा फेरे, मोजणी. दहा फेरे, मोजणी. आणखी पाच. माप हद्दीला टेकलं. खेमराजनं हात पुसले आणि डोळे मिटून अंगठ्याचं नख आतून फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा, उलटं.

"अडकलं का?" चुन्नीलालनं विचारलं.

"तूच पाह्य."

चुन्नीलालचं नख कुठंच अडकलं नाही. तो तसाच बोट आत घालून हसत राहिला.

"नवा पिस्टन रुळेपर्यंत, पाच-सहाशे किलोमीटर, अर्धीच मासोळी लादायची, समजलं?" म्हणत खेमराजनं छिन्नी उचलली आणि ब्लॉकच्या कडेवर ठळक फुली कोरली.

"हे काय करून राहिला गा माह्या ब्लॉकले?"

"पुढचा मिस्त्री तुह्यासारखा आकडाच वाचीन," खेमराज म्हणाला. "त्याच्यासाठी लिहून ठेवलं, की याले आता हात लावू नको."